जनुभाऊंची गाडी आणि पादऱ्याचा रामजन्म

या, असे जवळ येऊन बसा. तिकडे दाराशी बसलात तर वरून पंख्याची घरघर आणि बाहेरून रिक्षांचे हॉर्न, यातच अर्धी गोष्ट वाहून जाईल. कीर्तनाला उशिरा येऊन खांबाला टेकणाऱ्याला आख्यान कधी नीट ऐकू आलंय? पुढे सरका. एका गाडीची गोष्ट सांगायची आहे. गाडी म्हातारी होती, तिच्या पोटात काहीतरी बिघडलं होतं, आणि कुठे दुखतंय ते काही तिला सांगता येत नव्हतं. गोष्टीत देव आहे, डिझेल आहे आणि एक हट्टी म्हातारी आहे. शेवट गोड आहे हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे मध्येच कुणी जीव टांगून घ्यायला नको.

तर झालं असं. बडोद्यात घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत जनार्दनराव राहायचे. सगळे त्यांना जनुभाऊ म्हणत. वाघोडियाच्या एका कारखान्यात ते पंपहाउसचे फोरमन होते. पंप, टाक्या, व्हॉल्व्ह, पाइप यांत त्यांचा जन्म गेला. मग नव्वदनंतरचे ते दिवस आले, तुम्हाला आठवत असतील. कारखान्यात नवी यंत्रं आली, नवे साहेब आले, आणि जुन्या माणसांना हार-नारळ देऊन पन्नाशीतच घरी पाठवायची पद्धत पडली. जनुभाऊंनाही हार मिळाला. त्याच महिन्यात कारखान्याने कामगारांची ने-आण करणारी डिझेलवरची जुनी व्हॅनसुद्धा विकायला काढली. तिचा मूळ रंग दुधाचा. आता त्याला साय धरल्यासारखी दिसे. जनुभाऊ म्हणाले, "दोघांना बरोबरच काढलंय, तर आता वेगळं कशाला राहायचं?" आणि गाडी घरी घेऊन आले.

जनुभाऊंना दोनच नाद. एक यंत्राचा, दुसरा कीर्तनाचा. त्यांची बोटं पेटीवर छान चालत. त्यामुळे गाडी घरी आली आणि लगेच देवाच्या कामाला लागली. कुठे डभोईला उत्सव असो, कुठे सावलीला सप्ताह असो, बुवा, पेटी, तबला आणि चार ऐकणारे गाडीत घालायचे आणि निघायचं. त्यांच्या मुलाने, उत्कर्षने, हप्त्यांवर एक नवी छोटी गाडी घेतली होती. तो म्हणायचा, "बाबा, ती भंगारात द्या ना आता. माझी गाडी न्या."

जनुभाऊ म्हणायचे, "तुझ्या गाडीत तबला बसला तर तबलजी बसत नाही. तिचं कौतुक तुला लखलाभ."

पण दसऱ्यानंतर या गाडीला एक विचित्र दुखणं लागलं. घरातून निघायची ती अगदी ऐटीत. मांडवी, बाजार, पूल, सगळं पार करायची. मग गावाबाहेर मोकळा रस्ता लागला की थोड्या वेळाने दम लागल्यासारखी करायची. आधी ओढ कमी व्हायची, मग दोन-तीन उचक्या, आणि मग गप्प. पुन्हा पुन्हा चावी फिरवा, नुसतं कण्हायची. आणि मजा अशी, की आपण बाजूला बसून एक चहा प्यायलो, इंजिनाजवळचा डिझेल ओढायचा हातपंप थोडा मारला, की शहाण्यासारखी सुरू. पुन्हा काही वेळ धावायची, पुन्हा उचक्या.

पाणीगेटला लक्ष्मणचं गॅरेज होतं. लक्ष्मण जळगावकडचा, पण लहानपणापासून बडोद्यात, त्यामुळे बोलायचा अर्धं मराठी, अर्धं गुजराती. दोघांनी मिळून त्या गाडीची काय काय सेवा केली म्हणून सांगू. डिझेलचा फिल्टर बदलला. पाइप काढून फुंकून पाहिले. जोडांवरची वायसरं नवी घातली. टाकी उतरवून रॉकेलने धुतली. लक्ष्मणचं म्हणणं एकच, "जनुभाऊ, हवा घुसे छे. कुठून तरी डिझेलमध्ये हवा घुसते." त्यामुळे हवा काढायची. स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे येईनासे झाले की स्क्रू आवळायचा. कित्येक महिने दोघे हवेच्या मागे लागले होते.

शेवटी लक्ष्मणही कंटाळला. गाडी आली की तो आधी टाकीचं झाकण काढून आत बॅटरी मारून बघायचा, मग इंजिन सुरू करायचा, आणि ते घड्याळासारखं चालायचं. "हे बघा," तो म्हणायचा, "माझ्याकडे आली की हिला काही होत नाही. तुमच्या घरचंच कुणी हिला बोलतंय का? मनाला लावून घेते."

"घरी तर तिची पूजा होते," जनुभाऊ म्हणाले.

आणि ते खरं होतं. कारण घरी अहल्याकाकू होत्या.

अहल्याकाकू म्हणजे जनुभाऊंच्या सख्ख्या काकू. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बांधा बारीक, आवाज मोठा. सासरे जुन्या राज्यात हुजूर कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, तो हुकमीपणा सुनेच्या बोलण्यात उतरला होता. दर शनिवारी त्या पोळच्या तोंडाशी असलेल्या मारुतीला तेल-शेंदूर वाहायच्या. दसऱ्याला गाडीची पूजा करताना त्यांनी विचारलं होतं, "जनू, हिचं तोंड कुठे रे?"

जनुभाऊंनी थट्टेत बाजूच्या डिझेलच्या टाकीकडे बोट केलं. "खाते ती इथून."

झालं. काकूंनी टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचा अंगठा टेकवला. झाकण गोल, मधोमध थोडं फुगीर. त्यावर दोन डोळे काढल्यावर अगदी मारुतीचं मुख दिसू लागलं. मग दर शनिवारी देवळातून परतताना वाटीत उरलेला शेंदूर गाडीला. आणि गाडी आजारी पडू लागल्यावर तर काय विचारता. जितकी ती बंद पडे, तितका काकूंचा अंगठा जास्त दाबून फिरे. "देवाला काळजी आहे तिची," त्या म्हणायच्या, "तुम्ही दोघे नुसते पाने घेऊन तिला छळता."

आता ऐका मुद्द्याचं. बडोद्याजवळच्या पादरा गावात एक जुनं राममंदिर होतं, आणि तिथे रामनवमीचं कीर्तन वर्षानुवर्षं तात्यासाहेब करायचे. तात्यासाहेब म्हणजे आपल्या बडोद्यातले नामांकित हरिदास. त्या वर्षी त्यांचा घसा पार बसला. डॉक्टरांनी बोलायचीच बंदी केली. तेव्हा त्यांनी पाटीवर लिहून कळवलं, माझ्या जागी निरुपमा उभी राहील.

निरुपमा ही जनुभाऊंची भाची. शाळेत गाणं शिकवायची. तात्यासाहेबांकडे सात-आठ वर्षं शिकत होती, पण त्यांच्या मागे उभी राहून साथ करण्यापलीकडे तिने काही केलं नव्हतं. एकटीने नारदाच्या गादीवर उभं राहायची ही पहिली वेळ. आवाज गोड, पाठांतर चोख. खोट एकच. भीती वाटली की ती श्वास घ्यायलाच विसरायची. वाक्यामागून वाक्य, पदामागून पद, आणि मग मध्येच छाती रिकामी होऊन आवाज तुटायचा.

पादऱ्याच्या मंदिराचे विश्वस्त श्रीपतराव. त्यांचा फोन आला तेव्हा जनुभाऊंनीच उचलला.

"पाठवा मुलीला," श्रीपतराव म्हणाले, "तात्यासाहेबांचा शब्द आहे. पण जनुभाऊ, एक सांगतो. कमिटीतले तरुण म्हणतायत की कीर्तनाची कॅसेट मिळते, ती लावू. कॅसेटला चहा लागत नाही आणि कॅसेट उशिरा येत नाही. मी त्यांना म्हटलं, या वर्षी बघू. दहाला कीर्तन सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर मी कॅसेट लावणार, आणि मग दरवर्षी तीच लागेल. बाराला रामजन्म. तो काही कुणासाठी थांबत नाही."

"दहाच्या आधी आणून सोडतो," जनुभाऊ म्हणाले. "माझ्या गाडीने."

फोन ठेवल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. पण शब्द गेला तो गेला.

रामनवमीला सकाळी आठच्या सुमारास गाडी निघाली. पुढे जनुभाऊ आणि त्यांच्या शेजारी काकू. मागे निरुपमा, पेटी, तबला-डग्गा आणि तबलजी हेरंब. हेरंब म्हणजे बँकेत नोकरी, पोटावर हात फिरवत बोलायची सवय, आणि चेहरा असा की वाईट बातमीसुद्धा त्याच्या तोंडून जिलेबीसारखी वाटायची. निरुपमा नऊवारी नेसून, कपाळाला बुक्का लावून, डोळे मिटून पुटपुटत होती.

"काय गं, जप करतेस का?" हेरंबने विचारलं.

"पूर्वरंगातला दृष्टान्त आठवतेय. राजा आणि त्याचा माळी."

"तो मी तात्यासाहेबांकडून तीस वेळा ऐकलाय. पादऱ्याच्या लोकांनीही ऐकलाय. राजा आला की ते वाती वळायला घेतात."

"हेरंबकाका, घाबरवू नका ना."

"मी कुठे घाबरवतोय? मी तर म्हणतो, तूही वाती वळायला घे."

अकोट्याचा पूल गेला. अटलादरा मागे पडलं. जनुभाऊ कान इंजिनाकडे लावून बसले होते, आई पाळण्याकडे लावते तसे. आणि तेवढ्यात ओढ कमी झाली. एक उचकी, दुसरी उचकी. गाडी कडुलिंबाच्या सावलीत जाऊन थांबली.

"जय बजरंगबली," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून शेंदराची डबी काढून खाली उतरल्या. जनुभाऊंनी हातपंप मारला. काकूंनी झाकणावर अंगठा फिरवला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली.

"बघ," काकू म्हणाल्या. जनुभाऊंनी गिअर टाकला.

समियाल्याच्या अलीकडे पुन्हा तेच. या वेळी सावलीसुद्धा नव्हती, दोन्ही बाजूंना एरंडाची शेतं. हातपंप मारमार मारला. गाडी ढिम्म. बडोद्याहून येणारी एसटी गेली, दारात माणसं लोंबकळत होती, कंडक्टरने लांबूनच हात हलवला. घड्याळ साडेनवाच्या पुढे सरकलं.

निरुपमा खाली उतरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिने ताब्यात ठेवला होता. "मामा, छकडा रिक्षा आली तर मी एकटी तीत बसून जाते. पेटी-तबला नसला तरी चालेल. नुसत्या झांजेवर करीन."

"झांजेवर?" हेरंब म्हणाला. "पहिलंच कीर्तन, आणि साथीला कुणी नाही?"

"मग काय करू? कॅसेट लावतील ते."

जनुभाऊंना त्या वेळी जे वाटलं, ते कुणाला न वाटो. या पोरीने सात-आठ वर्षं तात्यासाहेबांच्या मागे उभं राहून वाट बघितली होती. आणि आज ती दारापर्यंत आली, तर आपल्या हट्टाने आपण तिला एरंडाच्या शेतात आणून उभं केलंय. जन्मभर पंप चालवले आणि एक पंप कळेना. बरं, डिझेल तरी आहे का? काटा तर गाडी घेतल्या दिवसापासून रिकामं दाखवत होता. टाकीत काठी घालून बघावी, म्हणून ते बाजूला आले. तिथे काकू डबी उघडून उभ्या.

"थांबा काकू. आधी डिझेल बघू द्या."

"आत्ताच लावलाय शेंदूर. ओला आहे. हात लावू नकोस."

"काकू, पाया पडतो. नंतर लावा पाहिजे तेवढा."

काकू नाक मुरडून बाजूला झाल्या. जनुभाऊंनी चपला काढल्या, कारण काकूंच्या समोर त्या झाकणाला चप्पल घालून हात लावायची सोय नव्हती. झाकण फिरवायला गेले तर ते चिकटल्यासारखं घट्ट. जोर लावला. आणि झाकण सुटलं तसा आतून आवाज आला. फुस्स. लांबलचक. जणू कुणी कधीचा कोंडलेला श्वास आत ओढून घेतला.

रस्त्यावर वाहन नव्हतं, गॅरेजसारखी ठोकाठोक नव्हती, म्हणून तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"देव बोलला," काकू हळूच म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनीच मान हलवली. "नाही रे. हा आवाज मला माहीत आहे. शिंगतेलाचा नवा डबा आला की एकच भोक पाडलं तर तेल थेंबथेंब येतं, आणि मग येतच नाही. दुसऱ्या बाजूला खिळा मारला की असाच आवाज होतो, आणि मग धार लागते. आत वारा गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?"

जनुभाऊंनी हातातल्या झाकणाकडे बघितलं. उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध, सुईच्या नाकाएवढं एक भोक होतं. टाकीला वारा घ्यायला ठेवलेलं. सुलटं केलं. वरच्या बाजूला भोक नव्हतं. तिथे मारुतीराया बसले होते, बोटभर जाड, लालभडक, दोन डोळ्यांसकट.

जनुभाऊ रस्त्याच्या कडेला बसले. कारखान्यात त्यांनी शंभर टाक्यांना श्वासनळ्या बसवल्या असतील. नवीन पोरांना पहिला धडा ते हाच द्यायचे, की टाकीला नाक ठेवा, नाहीतर पंप कितीही ओढो, आतून काही येणार नाही. आणि आपल्या दारातल्या टाकीचं नाक बंद होतं ते त्यांना दिसलं नव्हतं, कारण तिथे रोज हात जोडले जात होते. कित्येक महिने ते आणि लक्ष्मण हवा बाहेर काढत होते, आणि गाडी बिचारी हवा मागत होती. लक्ष्मणकडे गेली की तो झाकण उघडायचा, म्हणून ती तिथे बरी असायची.

आता हे काकूंना सांगायचं कसं? वाटेतल्या सगळ्या दुखण्यांपेक्षा हे दुखणं अवघड होतं. म्हातारीने इतक्या मायेने लावलेला शेंदूर. तिला काय म्हणणार, तुमच्या भक्तीने गाडी बंद पडते?

"काय झालं रे?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. झाकण जरा जुनं झालंय."

"जुनं म्हणजे?"

"म्हणजे... गंजलंय थोडं."

हेरंबने मान वाकडी करून झाकण बघितलं, मग काकूंकडे बघितलं, आणि पोटावरचा हात तिथेच ठेवून आभाळाकडे बघत राहिला. त्या आभाळाकडे बघण्यानेच घात केला. काकूंनी झाकण हिसकावून घेतलं. डोळ्यांशी नेलं. आत बघितलं, वर बघितलं. ओठ आवळले गेले.

"म्हणजे मी हिचं नाक दाबून धरलं होतं होय रे? दसऱ्यापासून?"

निरुपमाने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "काकूआजी, तुम्हाला काय माहीत..."

"गप्प बस. मला विचार करू दे." काकूंनी विचार केला. मग अंबाड्यातला आकडा काढला, झाकण पदराच्या टोकाने धरलं, "मारुतीराया, माफ कर हो," असं म्हणून आकड्याचं टोक शेंदराच्या कडेखाली घातलं आणि उचकटलं. वरचा ओला थर बोटांना लागला; आणि खालचा, महिनोनमहिने सुकून दगड झालेला, अख्खा एका तुकड्यात निघून आला. वाटीसारखा.

काकूंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "कवच सोडलं रे त्याने. आपणहून. आमच्या आत्याबाईंच्या गावच्या मारुतीने असंच सोडलं होतं, तेव्हा साऱ्या गावाने जेवण घातलं होतं. शुभ आहे हे." आणि झाकण जनुभाऊंच्या हातात देत त्या म्हणाल्या, "आता बघतोस काय तोंडाकडे? भोक साफ कर आणि चल. पोरीला उशीर होतोय."

आकड्याच्या टोकाने भोक मोकळं झालं. फुंकर मारली, आरपार. हातपंप मारला तर पहिल्यांदाच तो बोटाखाली भरीव लागला. चावी फिरवली. गाडीने एकदाच खाकरल्यासारखं केलं आणि जी सुटली, ती अशी सुटली की हेरंबचा डग्गा मागे घरंगळत गेला आणि तो त्याच्या मागे. काकू पुढे बसल्या होत्या, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं ते कवच धरून, जसं काही नवसाचं बाळ.

पादऱ्याला पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. मंदिराच्या बाहेरच ऐकू आलं, लाउडस्पीकरवर कुणा बुवांचा घोगरा आवाज, मध्ये मध्ये फितीची खरखर. कॅसेट लागली होती.

आत मंडपात दीडेकशे माणसं. बायका वाती वळत होत्या, पुरुष पेंगत होते. श्रीपतराव टेपरेकॉर्डरशेजारी खुर्ची टाकून बसले होते, धोतर कडक इस्त्रीचं, चेहरा त्याहून कडक.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"झाला," जनुभाऊ म्हणाले. "चूक माझी. मुलीची नाही."

"मी म्हटलं होतं तुम्हाला."

तेवढ्यात खट्ट आवाज झाला. कॅसेटची एक बाजू संपली. मंडपात एकदम शांतता. श्रीपतरावांनी कॅसेट काढली, हातात धरली, उलटवायला गेले, आणि निरुपमाकडे बघून थांबले. ती चपला काढून, गळ्यात उपरणं घेऊन, झांजा हातात धरून उभी होती, आणि घामाने तिचा बुक्का भुवयांपर्यंत ओघळला होता.

"मधे गॅप पडलाच आहे," श्रीपतराव कुणाकडेही न बघता म्हणाले. "तेवढ्यात हार घालून घ्या हिला."

पेटी उघडली. हेरंबने हातोडीने दोन ठोके देऊन तबला सुरात आणला. निरुपमा गादीवर उभी राहिली. नमन झालं. अभंग घेतला. आणि निरूपणाला सुरुवात केली तसे जनुभाऊ पेटीवरून तिच्याकडे बघू लागले, कारण तीच जुनी खोट. वाक्याला वाक्य जोडत ती धावत सुटली होती, राजा आणि माळी एकमेकांच्या पायात अडकत होते, बायकांनी वाती पुन्हा हातात घेतल्या होत्या, आणि आता आवाज तुटणार हे जनुभाऊंना दिसत होतं. तुटलाच. ती थांबली. एक क्षण, दोन क्षण. जनुभाऊंनी सूर धरून ठेवला आणि भाता जरा जास्तच मोठा उघडला. भात्याचा आवाज झाला. फुस्स.

निरुपमाने वळून पेटीकडे बघितलं. आणि हसली. पोटभर श्वास घेतला.

"राजाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे," ती श्रोत्यांना म्हणाली. "तुमच्या वाती बघूनच कळतंय. तर मी आज उशिरा का आले, तेच सांगते. आमच्याकडे एक गाडी आहे."

आणि तिने सांगितलं. मराठीत सुरू केलं, मध्येच गुजरातीत गेली, पुन्हा मराठीत आली. लक्ष्मणची नक्कल केली, "हवा घुसे छे," तसे पेंगणारे सरळ बसले. "आपण म्हणतो, मारुती हा वायूचा पुत्र. आणि मी काय केलं? त्याचंच मुख काढून गाडीचा वायू अडवला. रोज हात जोडून अडवला. दर शनिवारी मीच शेंदूर लावत होते, आणि गाडी बंद पडली की आणखी लावत होते..."

"खोटं बोलते ही," पहिल्या रांगेतून आवाज आला.

सगळे वळले. अहल्याकाकू उभ्या राहिल्या होत्या, रुमालातलं कवच छातीशी धरून.

"पोरगी मला पाठीशी घालते आहे. देवासमोर खोटं नको. शेंदूर मी लावला. हा बघा." आणि त्यांनी ते कवच वर धरून सगळ्यांना दाखवलं, डोळ्यांसकट.

मंडप नुसता उसळला. असं हसणं त्या मंदिराने कधी ऐकलं नव्हतं. श्रीपतरावांनी उपरणं तोंडाला लावलं, पण खांदे हलत होते. निरुपमा थांबली, हसू ओसरू दिलं, आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "पाहिलंत? टाकीचं भोक सकाळी मोकळं झालं. पण माणसाच्या मनातली कोंडी अशी भर सभेत मोकळी करायला किती बळ लागतं, ते आमच्या काकूआजींकडून शिका. बोला, जय जय राम."

त्यानंतर तिचा श्वास एकदाही तुटला नाही. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, उत्तररंगात कौसल्येचे डोहाळे आले, आणि बाराच्या ठोक्याला पाळण्याची दोरी हलली तेव्हा गुलालाने जनुभाऊंची पेटी लाल झाली होती. ते पेटी पुसायच्या ऐवजी डोळे पुसत होते. वाती वळायच्या राहूनच गेल्या.

सुंठवड्याचा द्रोण हातात देताना श्रीपतराव म्हणाले, "जनुभाऊ, पुढच्या वर्षी कीर्तन दहालाच."

"आणि कॅसेट?" हेरंबने विचारलं.

"ती तुम्ही न्या. गाडी बंद पडल्यावर ऐकायला." मग ते काकूंपुढे वाकले. "आजी, तुम्हीपण यायचं. तुमच्याशिवाय मुलीला खरं बोलायला कोण लावणार?"

काकूंनी ते कवच दुसऱ्या दिवशी मही नदीच्या पात्रात सोडलं. सगळे त्याच गाडीने गेले आणि वाटेत कुठेही थांबावं लागलं नाही. निरुपमा पुढे पादऱ्याला दरवर्षी उभी राहिली, आणि आता तर तिच्या मागे तिच्या दोन शिष्या उभ्या राहतात. गाडी गेली. काकूही गेल्या, चांगल्या पिकल्या पानाच्या वयात, शनिवारी.

तेव्हा एवढंच मागणं आहे. कधी रामनवमीला कुठल्या मंडपात बसला असाल, आणि मान्य करण्याजोगी काही चूक मनात खुपत असेल, तर आमच्या अहल्याकाकूंची आठवण काढा. रुमाल छातीशी धरून पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या त्या.